नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि गेममध्ये पीसी बंद पडतो: कार्ड बदलण्याआधी काय तपासायचं

नवं कार्ड बसवलं, विंडोज आलं, ड्रायव्हर टाकला, यूट्यूब तासभर व्यवस्थित चाललं. मग गेम उघडला आणि पहिलीच मोठी मारामारी सुरू झाली तशी स्क्रीन काळी होऊन कॅबिनेट बंद. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. दुकानात नेलं तर तिथे दोन तास छान चालतं, घरी आणलं की परत तेच. नाशिकमध्ये गेमिंग पीसी असलेल्या मुलांकडून ही तक्रार मी सतत ऐकतो. सिडको असो, पंचवटी असो की नाशिकरोड, सांगणं जवळपास सारखंच असतं: "दादा, कार्ड डिफेक्टिव्ह आलंय."

बहुतेक वेळा कार्डात काहीही बिघाड नसतो. दुकानाच्या टेबलावर चांगला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) जोडलेला असतो, मध्ये यूपीएस नसतो, कॅबिनेटची झाकणं उघडी असतात. घरी या तीनही गोष्टी बदलतात.

दुसरी तक्रार एवढी जोरात केली जात नाही, पण पैसे तिच्यातही तेवढेच अडकतात. पीसी बंद पडत नाही, पण एफपीएस (गेममध्ये दर सेकंदाला दिसणारी चित्रं) होते तिथेच राहतात किंवा मध्येच झटके बसतात. दोन्हींचं मूळ एकच आहे. कार्ड निवडताना फक्त कार्डाकडे बघितलं गेलं, ते ज्या मशीनमध्ये बसणार त्या मशीनकडे बघितलं गेलं नाही. म्हणून मी कार्डापासून सुरुवात करत नाही. खाली दिलेल्या जवळपास सगळ्या चाचण्या जुन्या कार्डावर, एक रुपया खर्च न करता होतात. कार्ड घेतलेलं असेल तरी क्रम हाच ठेवा.

बंद पडताना नेमकं काय बंद पडतं?

पहिलं निरीक्षण हेच करा. कॅबिनेट बंद झाला त्या क्षणी मॉनिटरचा दिवा चालू होता का? मॉनिटर आणि वायफायचा राउटर त्याच यूपीएसवर असतील आणि सगळं एकदम गेलं असेल, तर संशय यूपीएसवर घ्या. फक्त कॅबिनेट गेला आणि मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवत राहिला, तर एसएमपीएसवर.

आपल्याकडे घराघरात ६०० व्हीएचा यूपीएस असतो. त्यावर छापलेले ६०० म्हणजे वॅट नव्हेत. अशा यूपीएसची वॅटमधली क्षमता साधारण ३६० असते, आणि बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी झाली की तेवढा भारही पेलत नाही. ऑफिसच्या कामाला पीसी शंभर वॅटच्या आसपास घेतो, त्यामुळे वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. त्याच पीसीत १७० वॅटचं कार्ड आलं, प्रोसेसरही पूर्ण जोरावर आला, मॉनिटरही तिथेच लावलेला, आणि संध्याकाळी व्होल्टेज क्षणभर खाली गेलं, की यूपीएस बॅटरीवर जातो, एकदा बीप करतो आणि मान टाकतो. पावसाळ्यात विजेचा लपंडाव सुरू झाला की या तक्रारी वाढतात, त्याचं कारण हेच.

तपासायचं कसं? एक संध्याकाळ यूपीएस मधून काढा आणि कॅबिनेटची वायर थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा. तिथे अर्थिंग आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या. जुन्या वाड्यांमधल्या आणि चाळींमधल्या खोल्यांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेला मागे वायरच जोडलेली नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी ते काम करून घ्या, गेम नंतर. थेट लाइनवर पीसी टिकला तर दोष कुठे आहे ते कळलं. नवा यूपीएस घेताना व्हीए बघू नका, वॅटचा आकडा विचारा.

एसएमपीएसचं लेबल

थेट लाइनवरही बंद पडत असेल तर कॅबिनेटची बाजूची पट्टी काढा आणि एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. पुढचा मोठा आकडा नव्हे, खालचा बारीक तक्ता.

पाथर्डी फाट्याजवळ एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडे आम्ही हे सोबत बसून केलं. सातव्या पिढीचा आय-५, त्यात नव्याने घेतलेलं आरटीएक्स ३०६०. एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेला, स्टिकरवर ठळक ४५०. त्याचे वडील म्हणाले, "४५० वॅट आहे की, अजून किती पाहिजे?" मोबाइलचा टॉर्च धरून तक्ता वाचला. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२. म्हणजे ज्या लाइनवर कार्ड आणि प्रोसेसर दोघं जगतात, त्या लाइनवर १९२ वॅटच. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत वाटलेले, गेमला त्यांचा काडीचा उपयोग नाही. आता मागणी बघा: ३०६० चं रेटिंग १७० वॅट, प्रोसेसर ६५ वॅटचा. दोनच गोष्टींचे २३५ झाले. पंखे, हार्ड डिस्क अजून धरलेलीच नाही. काकांनी आकडे स्वतः वहीत मांडले, आणि कार्ड परत करायचा विषय तिथेच संपला.

काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्या दोन्हींची सरळ बेरीज करू नका. खाली एकत्रित कमाल वॅट लिहिलेले असतात, तोच आकडा धरा. चांगल्या युनिटमध्ये एकूण क्षमतेतला जवळजवळ सगळा भाग १२ व्होल्टवर मिळतो, ही ओळखायची सोपी खूण आहे.

आणखी एक गोष्ट, जी लेबलवर दिसत नाही. आजचं १७० वॅटचं कार्ड सरासरी तेवढेच वॅट घेत असलं तरी काही मिलिसेकंदांसाठी त्याच्या बऱ्याच वर उडी मारतं. एसएमपीएसला ती उडी सोसली नाही की त्याचं संरक्षण सर्किट त्याला बंद करतं. म्हणून बंद पडणं नेमकं स्फोटाच्या किंवा नवा भाग लोड होण्याच्या क्षणी घडतं. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात अशा उड्या सोसण्याची अट घातली गेली. नवा एसएमपीएस घेत असाल तर खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलं बघून घ्या. ८० प्लसचा ब्राँझ-गोल्ड शिक्का विजेची किती बचत होते ते सांगतो. उड्या सोसण्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

दोष विजेचाच आहे का, हे नवा एसएमपीएस न आणता पडताळता येतं. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर टाका, पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि गेममध्ये एफपीएस ६० वर अडकवा. एरवी ज्या जागी पीसी हमखास बंद पडायचा तिथे आता तो टिकला, तर वीज कमी पडतेय. तरीही तसाच पडला तर रॅम, प्रोसेसरचं तापमान आणि ड्रायव्हर यांच्याकडे वळा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसली की अनेकजण तिचे फोटो पाठवतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद न होता पीसी बंद पडला किंवा परत सुरू झाला. कारण ती सांगत नाही. तिथेच डिस्प्लेची ४१०१ नोंद असेल, म्हणजे ड्रायव्हर अडकला आणि परत सुरू झाला, तर मात्र ड्रायव्हरकडून सुरुवात करा. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने मुळापासून काढा आणि नवा टाका. एएमडीवरून एनव्हिडियावर किंवा उलट गेला असाल तर हे आधीच करा.

वायरींबद्दल कडक सांगतो, कारण इथे आग लागू शकते. कार्डाला स्लॉटमधून (मदरबोर्डवरच्या त्याच्या खाचेतून) जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या वायरीतून ७५ आणि ८ पिनमधून १५०. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला लावायच्या पॉवर पिनेतून १२ व्होल्टवर ५४ वॅटच मिळू शकतात. तरी 'साटा टू ८ पिन' असे कन्व्हर्टर बाजारात सर्रास मिळतात आणि एसएमपीएसला ८ पिन नसली की ते लावूनही दिले जातात. ते घरात आणू नका. ८ पिनची वायर नसणं हीच त्या एसएमपीएसची कबुली आहे, की हे कार्ड त्याच्यासाठी नाही. कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर एकाच वायरीची दोन टोकं न लावता दोन वेगळ्या वायरी ओढा. १६ पिनचा नवा कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत बसला आहे का ते डोळ्यांनी बघा. अर्धवट बसलेला कनेक्टर तापून वितळू शकतो.

उन्हाळ्याचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालची खोली रात्री दहालाही तापलेली असते. पण कार्ड तापलं तर ते आधी स्वतःचा वेग उतरवतं, म्हणजे एफपीएस पडतात. थेट बंद पडणं हे त्याचं पहिलं लक्षण नव्हे. धूळ झटका, कॅबिनेटचं तोंड भिंतीकडे असेल तर फिरवा. प्रोसेसर शंभर अंशांजवळ जात असेल तर त्याची पेस्ट बदला.

पीसी बंद पडत नाही, पण एफपीएस वाढले नाहीत

आधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा. ती मदरबोर्डच्या एचडीएमआयला असेल तर गेम बहुधा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतोय. केबल खाली, कार्डाच्या पोर्टला लावा. ही चूक नेहमी सापडते, म्हणून पहिली.

यानंतरची चाचणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि ती कार्ड घ्यायच्या आधीच व्हायला हवी. जो गेम खेळता तो १०८०पीवर लावा, एका ठरावीक जागी उभे राहा, एफपीएस लिहून घ्या. आता रिझोल्यूशन ७२०पी करा आणि त्याच जागी परत बघा. एफपीएस चांगले वाढले तर तुमचं कार्ड कमी पडतंय, नवं घेतल्याने फरक पडेल. जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसर किंवा रॅम थांबवतेय, आणि कितीही महाग कार्ड आणलं तरी आकडा हलणार नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा प्रोसेसरकडे बोट दाखवतं. सायबरपंकसारख्या गेममध्ये कार्डाकडे.

चाचणीत प्रोसेसर अडला असं दिसलं तरी लगेच प्रोसेसर विकत घेऊ नका. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघा. ३२०० ची डीडीआर४ रॅम घेतलेली असते आणि ती २१३३ किंवा २४०० वर चालत असते, कारण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, कधी चालूच केलेली नसते. तसंच १६ जीबीची एकच पट्टी असेल तर ८ च्या दोन पट्ट्यांच्या तुलनेत गेममध्ये मार बसतो. हे दोन बदल एका नव्या कार्डाच्या खर्चापुढे काहीच नाहीत, आणि चार कोअरच्या जुन्या आय-५ वरही ते जाणवतात.

झटके बसत असतील, म्हणजे सरासरी एफपीएस चांगले पण मध्येच अडखळल्यासारखं, तर गेममधलं टेक्स्चर एक पायरी खाली आणा. झटके गेले तर कार्डाची मेमरी भरतेय. इथे अजून एक खाचखळगा आहे, आणि तो कार्ड निवडताना क्वचितच कुणी सांगतं. आरटीएक्स ४०६० स्लॉटमध्ये १६ लेनचं (लेन म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटा) दिसत असलं तरी ते ८ लेनच वापरतं. आरएक्स ६६०० चंही तेच. आरएक्स ६५०० एक्सटी तर ४ लेनवर चालतं आणि त्यात मेमरीही ४ जीबीच. बोर्ड पीसीआयई ४.० चा (पीसीआयई म्हणजे कार्डाच्या स्लॉटचं मानक, आकडा म्हणजे त्याची पिढी) असेल तर हे खपून जातं. ३.० चा असेल तर प्रत्येक लेनचा वेग निम्मा होतो, आणि मेमरी भरून डेटा रॅममधून मागवायची वेळ आली की अडखळणं सुरू होतं. ६५०० एक्सटी जुन्या बोर्डावर मी कुणालाही घेऊ देत नाही.

तुमचा बोर्ड कोणता? इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर ३.० चे किंवा त्याहून जुनेच. एएमडीचे बी४५० आणि ए५२० बोर्डही ३.० चे. रायझन ५ ५६०० हा बी५५० वर ४.० देतो, पण ५६००जी त्याच बोर्डावर ३.० च देतो. 'आत्ता ५६००जी घेऊ, कार्ड नंतर टाकू' हा बेत आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. त्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं, शिवाय ५६००जीचा कॅशही (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ५६०० च्या निम्मा आहे. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं की 'बस इंटरफेस'च्या रकान्यात खरी स्थिती दिसते. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून कार्डावर भार टाकून वाचा, कारण निवांत असताना कार्ड वेग मुद्दाम खाली ठेवतं. मोठ्या बोर्डांवर खालचा दुसरा लांब स्लॉट बऱ्याचदा आतून ४ लेनचाच असतो. कार्ड वरच्याच स्लॉटमध्ये हवं.

मग कोणतं कार्ड?

आता हा प्रश्न विचारण्याजोगा झाला. हातात तीन गोष्टी आहेत: १२ व्होल्टवर किती वॅट मिळतात, स्लॉट कोणत्या पिढीचा आहे, आणि ७२०पीच्या चाचणीने काय सांगितलं.

एसएमपीएस बदलायचाच नसेल तर पर्याय एकाच जातीचे राहतात. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती ७० वॅटची आहे, तिला बहुतेक कंपन्यांच्या मॉडेलमध्ये वेगळी वायर लागत नाही. ८ जीबीची ३०५० वेगळी, तिला लागते. खोक्यावर नीट बघा, नाव सारखंच आहे. जुन्यांमध्ये जीटीएक्स १६५० याच गटात येतं. कंपनीच्या जुन्या ऑफिस पीसीला गेमिंगला लावायचं असेल, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून लिलावात निघालेले असे पीसी आपल्याकडे पुष्कळ फिरतात, तर हाच रस्ता. त्यातल्या अनेकांचा एसएमपीएस नेहमीच्या आकाराचा नसल्याने बदलताही येत नाही.

एसएमपीएस ठीक, ५५० वॅटचा खरा, पण बोर्ड ३.० चा आणि प्रोसेसर मध्यम असेल, तर १०८०पीसाठी मी आजही आरएक्स ६६०० किंवा ३०६० ची १२ जीबीची आवृत्ती सुचवतो. ६६०० चे १३२ वॅट. ३०६० पूर्ण १६ लेन वापरते आणि तिची मेमरी सहज भरत नाही, म्हणून मेमरी भरणाऱ्या गेममध्ये ३.० च्या बोर्डावर ती ४०६० पेक्षा कमी झटके देते, कागदावर ४०६० वेगवान असली तरी. ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर हे पारडं अजून ३०६० कडे झुकतं. ४०६० ची जमेची बाजू तिचे ११५ वॅट. वीज हीच अडचण असेल आणि बोर्ड ४.० चा असेल तर ती निवड चांगली.

नव्या पिढीत ५०६० ला १४५ वॅट आणि ८ जीबी. मी मात्र थोडं थांबून, पैसे साठवून १६ जीबीकडे जा म्हणेन: आरएक्स ९०६० एक्सटी किंवा आरटीएक्स ५०६० टीआय. या दोन्ही कार्डांना ८ जीबीच्या आवृत्त्याही आहेत आणि नाव तेच आहे, त्यामुळे बिलावर '१६ जीबी' लिहून घ्या. ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेन वापरतं, म्हणून जुन्या बोर्डावर ते जास्त बरं. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी देतं आणि किमतीला आकर्षक वाटतं, पण बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू नसेल तर त्याचा वेग कोसळतो. नवव्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या इंटेल प्रोसेसरवर त्याचा विचार सोडून द्या.

जुन्या कार्डांबद्दल. इथेरियम या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंग (कार्डांवर गणितं सोडवून चलन कमावणं) बंद केलं तेव्हापासून मायनिंगमध्ये राबलेली कार्डं बाजारात आली, आणि अजूनही फिरतायत. माणूस पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरतो, ग्रँट रोड गाठतो, लॅमिंग्टन रोडवर स्वस्त कार्ड बघतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. एवढं करून घरी बसवल्यावर दोष कळला तर पुन्हा तीच वारी. म्हणून तिथेच, दुकानात, जीपीयू-झेड उघडायला सांगा. बायोस बदलून दुसऱ्या नावाने विकलेलं कार्ड असेल तर बहुधा नावाच्या आधी 'फेक' असं दाखवतं. आरएक्स ५८० घेताना '२०४८एसपी' लिहिलंय का बघा, ती मूळ ५८० नव्हे. मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर (कार्डातले गणितं करणारे छोटे भाग) आहेत. त्यानंतर अर्धा तास गेम किंवा बेंचमार्क चालवा आणि स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन येतात का ते बघा. दुकानदार चालवून दाखवायला तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा. जीटीएक्स १०६० आणि त्या पिढीची बाकी कार्डं मी आता सुचवत नाही. एनव्हिडियाने त्यांचे नवे गेम-ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आहेत, पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट येतील.

बसवताना कॅबिनेटमधली मोकळी लांबी टेपने मोजून घ्या. समोर पंखे किंवा हार्ड डिस्कचा पिंजरा असेल तर तीन पंख्यांचं कार्ड अडतं. खूप जुन्या, एच६१ च्या काळातल्या बोर्डावर नव्या कार्डाचं डिस्प्लेच न येण्याचा प्रकार होतो. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर शेवटचा बायोस बघा, जुनं कार्ड लावलेलं असतानाच तो टाका, आणि तरी शंका असेल तर दुकानदाराकडून 'डिस्प्ले न आल्यास परत' असं बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बिलावर कार्डाचा सिरियल नंबरही हवा. घरी आल्यावर खोका, कार्ड आणि बिल तिघांवरचा नंबर जुळवून एक फोटो काढून ठेवा, सर्व्हिस सेंटरला पहिला हाच विचारतात.